किडनीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतंय, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली का?

प्रश्न लांबलचक होता, त्यातलं मुख्य तेवढं आधी सांगतो. बहीण, वय 38. दोन वर्षांत चार वेळा थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं, लघवीत भरपूर पस सेल्स. सोनोग्राफीत उजवी किडनी 8 सेंटिमीटर, डावी 11, खडा किंवा गाठ नाही. रिपोर्टवर शेरा ‘क्रॉनिक पायलोनेफ्रायटिस’, म्हणजे किडनीचं जुनाट इन्फेक्शन. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की हे वाढतं) 1.4. दर वेळी अँटिबायोटिक दिलं, बरं वाटलं, काही महिन्यांनी पुन्हा तेच. आता कुणी म्हणतं प्रतिकारशक्ती खचली आहे, ती वाढवणारी इंजेक्शनं घ्या. कुणी म्हणतं अँटिबायोटिकच सहा महिने सलग चालू ठेवा. यातलं काय करावं?

दोन्हींपैकी काहीच लगेच सुरू करू नका. आधी जंतू पुन्हा पुन्हा वर का चढतायत ते शोधा. किडनीच्या आजारांत माझी बरीच वर्षं गेली. ‘प्रतिकारशक्ती कमी’ असा शिक्का घेऊन आलेल्या बहुतेक पेशंटची प्रतिकारशक्ती ठणठणीत निघाली. बिघडलेला होता तो लघवीचा रस्ता.

या आजाराचं नाव फसवं आहे. क्रॉनिक म्हटलं की किडनीत वर्षानुवर्षं जंतू घर करून बसलेत असं वाटतं. पुष्कळदा तसं नसतं. जे दिसतं ते जुन्या जखमांचे व्रण. लहानपणी मूत्राशयातली लघवी उलटी वर किडनीकडे जात असेल, तर दोन-तीन तापांतच किडनीच्या टोकांना व्रण पडतात. घरात ते ताप ‘साधा ताप’ म्हणून विसरले गेलेले असतात. व्रण पडलेला भाग आक्रसतो, किडनी लहान आणि खडबडीत होते. तिशी-चाळिशीत त्याच किडनीत नवं इन्फेक्शन झालं की सोनोग्राफी होते आणि जुना व्रण, नवा ताप असं सगळं एकाच नावाखाली जातं. तुमच्या बहिणीची उजवी किडनी या दोन वर्षांत 11 वरून 8 झाली असण्यापेक्षा ती आधीपासूनच लहान असण्याची शक्यता मला जास्त वाटते. जुनी सोनोग्राफी, अगदी बाळंतपणाच्या वेळची असली तरी, शोधून काढा. तिचा उपयोग नव्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त होईल.

आता प्रतिकारशक्तीचं. सबंध शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली तर ती फक्त किडनीत कशाला दिसेल? ज्यांच्या रक्तात अँटिबॉडीज नीट तयार होत नाहीत ते पेशंट येतात न्यूमोनिया, सायनस, कानातला पू घेऊन. पांढऱ्या पेशींचं काम बिघडलं असेल तर कातडीवर, यकृतात गळवं होतात. बहिणीला असं काही होतं का? नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन आणि पेशींच्या महागड्या तपासण्यांतून काही हाती लागणार नाही. दोन तपासण्या मात्र मी प्रत्येकाला करायला लावतो: साखर, तीही एचबीए1सीसकट (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), आणि एचआयव्ही. शिवाय स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी चालू आहे का हे विचारतो. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी चालू असलेल्या गोळ्या पेशंट सांगायला विसरतात.

किडनीला स्वतःचा बंदोबस्त आहे. त्यातला सगळ्यात मोठा शिपाई म्हणजे वाहती लघवी. तुंबलं नाही तर जंतूला टिकून राहायला वेळच मिळत नाही. शिवाय किडनीच्या नलिका एक प्रथिन लघवीत सोडतात. 1950 साली टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते वेगळं काढलं, आज त्याला युरोमोड्युलिन म्हणतात. बहुतेक इन्फेक्शन्सना कारणीभूत असतो ई. कोलाय. तो आपल्या केसांसारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. युरोमोड्युलिन त्या तंतूंनाच आधी धरतं आणि जंतू लघवीबरोबर वाहून जातो. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन बनतच नाही त्यांना लघवीचं इन्फेक्शन सहज होतं. नलिकांमधल्या काही पेशी लघवी आम्ल करतात आणि जंतूला लागणारं लोह अडवून धरणारा रेणूही सोडतात. इतकं करूनही जंतू चिकटलाच, तर अस्तराच्या पेशी त्याला ओळखून इंटरल्युकिन-8 सोडतात आणि त्या हाकेवर पांढऱ्या पेशी धावत येतात. रिपोर्टमधल्या ‘पस सेल्स’ त्या याच.

मग इन्फेक्शन होतंच का? कारण किडनीचा गाभा ही लढाईला अवघड जागा आहे. लघवी घट्ट करण्यासाठी निसर्गानं तिथे खारटपणा रक्ताच्या चौपटीपर्यंत नेला आहे, रक्तपुरवठा कमी, प्राणवायू त्याहून कमी. पांढऱ्या पेशी तिथे मंदावतात. जंतू मारायला मदत करणारी ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं रक्तात असतात, त्यांपैकी एकाला तिथला अमोनिया निकामी करतो. 1950 च्या दशकात पॉल बीसन आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या किडनीत वेगवेगळ्या जागी जंतू टोचून पाहिले. बाहेरच्या सालीत इन्फेक्शन रुजवायला जितके जंतू लागले, त्याच्या हजारावा हिस्साही गाभ्यात लागला नाही. म्हणजे ठणठणीत माणसाच्या किडनीचा गाभाही या बाबतीत अशक्तच असतो. प्रतिकारशक्तीच्या गोळ्या घेऊन तो खारटपणा बदलत नाही, आणि बदलला तर लघवी घट्ट होणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, कारण ‘वाढवा’ म्हणणाऱ्यांना ती माहीत नसते. किडनीवर जो व्रण पडतो त्यात जंतूइतकाच, कधी जास्तच, हात आपल्या पांढऱ्या पेशींचा असतो. जंतू मारायला त्या जे विखारी ऑक्सिजन रेणू आणि एन्झाइम्स सोडतात त्यांनी शेजारच्या नलिकाही जळतात, आणि भरून येताना तिथे तंतुमय ऊतक येतं. इंटरल्युकिन-8 ची हाक ऐकणारा पेशीवरचा ग्राहकच (रिसेप्टर) नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले. त्यांच्यात पांढऱ्या पेशी किडनीत पोचल्या, पण अस्तर ओलांडून लघवीत बाहेर पडू शकल्या नाहीत. आतच अडकून साचल्या. जंतू गेले नाहीत आणि किडनीला व्रण पडले ते पडलेच. वारंवार किडनीचं इन्फेक्शन होणाऱ्या काही मुलांत हाच ग्राहक कमी आढळला आहे. यात कमी-जास्त ताकदीचा प्रश्नच नाही. पेशींनी वेळेत यावं, काम उरकावं आणि बाहेर पडावं, एवढंच हवं असतं. ते घडवून आणणारं इंजेक्शन आज कुणाकडेही नाही.

प्रतिकारशक्ती खरोखर किडनीतच फसते असे दोन आजार आहेत, दोन्ही विरळ. एकाचं नाव मॅलॅकोप्लेकिया. त्यात भक्षक पेशी ई. कोलायला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अर्धवट मेलेल्या जंतूंवर पेशीच्या आत कॅल्शियम आणि लोह साचत जातं. स्लाइडवर ते गोल गोल वर्तुळांच्या चकतीसारखं दिसतं, घुबडाच्या डोळ्यासारखं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायक्रोस्कोपवरून मान उचलायला तयार नव्हतो. 1902 साली मायकेलिस आणि गुटमन यांनी वर्णन केलेल्या या चकत्या दिसल्या की निदान पक्कं. इथे पेशीच्या आत शिरणारं अँटिबायोटिक निवडावं लागतं, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर ती कमी करता येते का ते बघावं लागतं. दुसरा आजार झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. किडनीत मोठा खडा, मागे तुंबलेला पू, आणि चरबी खाऊन फुगलेल्या भक्षक पेशींचे पिवळे गोळे. स्कॅनवर हे कॅन्सरसारखं दिसतं आणि भल्याभल्यांना चकवतं. किडनी बहुधा निकामी झालेलीच असते, ती काढावी लागते. बहिणीच्या सोनोग्राफीत खडा किंवा गाठ नाही, म्हणून हे दोन्ही मी तिच्या बाबतीत यादीच्या तळाला ठेवीन.

आता उपचार. पहिला नियम: अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. एक पेशंट आठवतात. मधुमेह पंधरा वर्षांचा, दोन वर्षांत अकरा कोर्स झालेले, फाइल हाताला जड. त्यात कल्चर तीनच, आणि तिन्ही औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठवलेली. तिन्हींवर ‘वाढ नाही’. त्यावरून जंतू सापडत नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीतच दोष असणार, असा निष्कर्ष काढून कुणीतरी त्यांना टोचण्या सुरू केल्या होत्या. मी म्हटलं, “ताई, आधी लघवीला जाऊन या, मग पोटावर सोनोग्राफीचा प्रोब लावतो.” जाऊन आल्या. मूत्राशयात तरीही 260 मिलिलिटर लघवी शिल्लक. मधुमेहानं मूत्राशयाच्या नसा गेल्या होत्या, भरल्याचं कळतच नव्हतं. त्यांना घड्याळ लावून लघवीला जायला आणि दिवसातून तीनदा बारीक नळीनं स्वतः मूत्राशय रिकामा करायला शिकवलं. टोचण्या बंद केल्या. पुढच्या वर्षभरात ताप एकदाच आला.

कल्चर आलं की ताप परत का येतो याचा अंदाज बांधता येतो. औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परतला, तर तो कुठेतरी दडून बसला आहे: खड्यात, तुंबलेल्या भागात, गळवात, नाहीतर औषधच चुकलं. दर वेळी जंतू नवा किंवा मधे काही महिन्यांचं अंतर, तर तो खालून नव्यानं चढतो आहे. अशा वेळी मूत्राशय रिकामा होतो का, बद्धकोष्ठता आहे का, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आहे का, तिकडे बघायचं. प्रोटियस जंतू मिळाला तर खडा शोधाच. तो लघवी अल्कली करून खडे बनवतो आणि त्यांच्या आत जाऊन बसतो, तिथे अँटिबायोटिक पोचत नाही. खडा निघाल्याशिवाय हे इन्फेक्शन जात नाही. आणि पस सेल्स भरपूर, कल्चर मात्र वारंवार निरंक असेल, तर क्षयाची तपासणी सांगा. किडनीचा क्षय वर्षानुवर्षं ‘साधं इन्फेक्शन’ म्हणून फिरत राहतो.

औषध किडनीच्या मांसात पोचणारं हवं. नायट्रोफ्युरँटोइन मूत्राशयाच्या इन्फेक्शनला छान, पण रक्तात आणि किडनीत त्याची पातळीच येत नाही. तापाच्या पेशंटला ते दिलेलं दिसलं की मी कपाळावर हात मारतो. फॉस्फोमायसिनच्या एका पुडीचंही तेच. कल्चरप्रमाणे योग्य औषध मिळालं तर साध्या केसला 7 दिवस पुरतात, काही औषधांना 10, गुंतागुंत असेल तर 14. गळू असेल तर आठवडे लागतात आणि मोठं असेल तर सुई घालून काढावं लागतं. अमिकासिन, जेंटामायसिन जंतूवर जोरदार, पण किडनीवरही वार करतात. आधीच 1.4 क्रिएटिनिन असताना ती शेवटी.

सहा महिने सलग अँटिबायोटिकचं काय? याचा सर्वात नेटका अभ्यास मुलांमध्ये झाला. लघवी उलटी जाणाऱ्या 607 मुलांना दोन वर्षं रोज कमी डोसात को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिली, निकाल 2014 साली आले. इन्फेक्शनं जवळपास निम्म्यावर आली. किडनीवरचे नवे व्रण मात्र दोन्ही गटांत सारखेच. आणि औषध घेणाऱ्यांना पुढे जी इन्फेक्शनं झाली त्यांत त्याच औषधाला न जुमानणारे जंतू जास्त. रोजची गोळी मी देतो, नाही असं नाही. पण रस्ता तपासून झाल्यावर, ठरावीक मुदतीसाठी. ताप नाही, जळजळ नाही आणि फक्त रिपोर्टमध्ये जंतू दिसतोय, तर औषध देऊच नये. गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या अस्तराला धक्का लागेल अशी शस्त्रक्रिया, एवढेच ठळक अपवाद. काही निरुपद्रवी ई. कोलाय मूत्राशयात राहून दुसऱ्या वाईट जंतूंना जागा देत नाहीत. त्यांना हुसकून लावलं की पुढचा पाहुणा जास्त त्रासदायक येतो.

राहिली प्रतिकारशक्तीची औषधं. यातही सगळंच भंपक नाही. ई. कोलायच्या 18 वाणांच्या अर्काची कॅप्सूल आहे, मेलेल्या जंतूंचा जिभेखाली मारायचा फवाराही आहे. वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या स्त्रियांमध्ये यांनी फेऱ्या कमी झाल्याचं चांगल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते मूत्राशयाचं. किडनीचे व्रण थांबतात असा पुरावा नाही. बहिणीचा रस्ता मोकळा निघाला आणि तरी खालून नवनवे जंतू येत राहिले, तर माझ्या मते याचा विचार रोजच्या अँटिबायोटिकच्या आधी व्हावा. लेव्हामिसोलसारखं जुनं औषध या कारणासाठी देऊ नये. त्यानं कधीकधी पांढऱ्या पेशीच धडाधड खाली येतात. ज्यांना किडनी बदललेली आहे त्यांनी ‘ताकद वाढवणारी’ कसलीही गोष्ट डॉक्टरांना न विचारता तोंडात घालू नये. त्यांच्या शरीरात वाढलेली ताकद पहिली नव्या किडनीवर चाल करते.

इतकं सांगितल्यावर एका बाबतीत मात्र तुम्हाला सल्ला देणाऱ्याचं थोडं खरं आहे. उलट्या दिशेनं. किडनीचं काम कमी होत गेलं की रक्तात साचणारी द्रव्यं पांढऱ्या पेशींना सुस्त करतात आणि लसींना मिळणारा प्रतिसादही घटतो. डायलिसिसवर असलेल्यांना हेपटायटिस बी ची लस दुप्पट डोसात द्यावी लागते ती त्यामुळेच. 38 वर्षांच्या बाईत 1.4 क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम 50 टक्क्यांच्या आसपास. या टप्प्यावर प्रतिकारशक्ती फारशी गेलेली नसते, पण लसी आत्ताच उरकाव्यात: फ्लूची दर वर्षी, न्यूमोकोकसची, आणि हेपटायटिस बी. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली खर्च करायचाच असेल तर तो इथे.

आणि उरलेली किडनी सांभाळणं, जे तापाच्या गडबडीत राहून जातं. बऱ्याच पेशंटमध्ये इन्फेक्शन थांबल्यावरही क्रिएटिनिन हळूहळू चढत राहतं. उरलेल्या गाळण्यांवर जास्तीचा भार पडतो, त्या थकतात आणि लघवीतून प्रथिनं जायला लागतात. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा आणि वरचा रक्तदाब 130 च्या खाली ठेवा. प्रथिनं जात असतील तर रक्तदाबाच्या औषधांतली एसीई किंवा एआरबी गटातली गोळी लागेल. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात त्या चालत नाहीत. वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका. पाणी भरपूर: कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांवरच्या एका अभ्यासात रोज दीड लिटर जास्त प्यायल्यानं मूत्राशयाची इन्फेक्शनं निम्मी झाली. किडनीच्या इन्फेक्शनसाठी तसा आकडा नाही, पण रस्ता तोच आहे.

पुढच्या भेटीला काय मागायचं ते सांगतो. लघवी झाल्यावरची सोनोग्राफी. खडे बघायला साधा सीटी स्कॅन, रंगद्रव्याशिवाय. शेवटच्या तापानंतर चार ते सहा महिन्यांनी डीएमएसए स्कॅन. म्हणजे व्रण किती आणि उजवी किडनी एकूण कामातला किती वाटा उचलते ते कळेल. तो वाटा दहा टक्क्यांच्या खाली असेल आणि ताप त्याच बाजूनं येत असेल, तर ती काढण्याचा विचार करतात. तोवर नाही. लघवी उलटी जाते का पाहायची नळीची तपासणी मोठ्या माणसात प्रत्येकाला लागत नाही, ती डॉक्टरांना ठरवू द्या.

एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंटसाठी थांबवायची नाही. थंडी वाजून ताप, आणि त्याच बाजूला मूत्रवाहिनीत खडा अडकलेला, किंवा लघवी एकदम कमी झालेली: त्याच रात्री हॉस्पिटल. तुंबलेल्या किडनीत पू झाला तर अँटिबायोटिक तिथे पोचत नाही. मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून तो आधी मोकळा करावा लागतो, आणि त्यात काही तास गेले तरी रक्तदाब कोसळू शकतो.

तुम्ही शेवटी विचारलंत, उजवी किडनी पुन्हा 11 सेंटिमीटरची होईल का. नाही. व्रण भरून किडनी वाढत नाही. डावी चांगली आहे, आणि काळजी घ्यायची ती तिची.